नाताळची सुट्टी आणि मुलांचे प्रश्न

पालकहो,

डिसेंबर लागला की पेण-रोह्याच्या दुकानांत लाल टोप्या लटकू लागतात. बालवाडीच्या ग्रुपवर निरोप येतो, 'उद्या मुलांना सांताचा ड्रेस घालून पाठवा.' आपण हौसेने पाठवतो, फोटो स्टेटसला ठेवतो. संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपवर 'सांता करू नका, धर्म बुडेल' असा मेसेज येतो. तोही आपणच पुढे ढकलतो. मग एप्रिलच्या सुमारास कुणीतरी 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवतं. येशूला क्रुसावर चढवलं त्या दुःखाच्या दिवसाच्या या शुभेच्छा! मुलांच्या पदरात काय पडतं? ख्रिस्ती धर्म म्हणजे एक तर केक, नाही तर धोका.

मी दीड दिवसाचा गणपती बसवणाऱ्या घरातली. शाळेत शिकवते, म्हणून तुमची कुजबूज माझ्या कानावर येते. कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी आपण ओळखी काढतो आणि प्रवेश मिळाला की हळूच विचारतो, 'तिथे प्रार्थना म्हणायला लावत नाहीत ना?' शंका रास्त आहे, पण ती कुजबुजायची नाही, मुख्याध्यापकांना समोर बसून विचारायची. संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण वा उपासना सक्तीची करता येत नाही. मूल अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. हा हक्क सगळ्याच धर्मांच्या शाळांत लागू आहे, आणि आपल्या शाळेत येणाऱ्या ख्रिस्ती, मुसलमान मुलालाही.

ख्रिस्ती शेजारी आपल्याला नवे नाहीत. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आणि पायथ्याशी कोर्लई गाव. तिथली ख्रिस्ती कुटुंबं घरात पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली बोलतात आणि बाजारात आपल्यासारखीच मराठी. पोर्तुगीजांचं राज्य इथून 1740 मध्ये गेलं. ही माणसं इथलीच होती, इथेच राहिली. मुलांना किल्ला दाखवायला नेतो, तेव्हा हे गावही दाखवा.

कटू इतिहास लपवू नका. गोव्यात, वसईत पोर्तुगीजांनी देवळं पाडली, धर्मासाठी छळ केला, हे मुलांना कळलं पाहिजे. फक्त त्याचा हिशेब शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे मागायचा नाही, हेही त्याच दमात सांगा.

नाताळनंतर नऊ दिवसांनी, 3 जानेवारीला, आपण सावित्रीबाई फुल्यांची जयंती करतो. त्यांचे पती जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे भाषणांत राहूनच जातं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण तिथे शिकलेलं त्यांनी कामाला लावलं.

आणखी जवळचं उदाहरण आपल्या बेने इस्रायल ज्यू मंडळींचं. पेणकर, रोहेकर ही त्यांच्यातली आडनावंच आपल्या गावांची. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 च्या सुमारास हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. मिशनऱ्यांना धर्मांतराची आशा होती. झालं उलटंच. या मंडळींनी हिब्रू घेतली आणि ते आपल्याच धर्मग्रंथांत, आपल्याच सिनेगॉगमध्ये अधिक रमले. दुसऱ्याचं जाणून घेतल्याने आपलं सुटतं, ही भीती आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाने खोटी पाडली आहे.

तरी ती भीती अधूनमधून डोकं वर काढते. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन अनेक वर्षं केलेला, वसईची हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेला हा माणूस. तरीही 'पाद्री कसा अध्यक्ष?' असा विरोध झालाच. मुलं असल्या बातम्या ऐकतात आणि आपला चेहरा वाचतात.

पेणच्या मूर्ती दर वर्षी खोक्यांत भरून परदेशी जातात. आपली भाचरं, पुतणे ख्रिस्ती वस्तीत त्यांची आरती करतात. तिथल्या शेजाऱ्याने नाक मुरडू नये, पोराला वर्गात कुणी चिडवू नये, अशी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा इथल्या ख्रिस्ती आईचीही असणार.

मूल कधी तरी विचारेलच, 'आई, खरा देव कुणाचा? त्यांचा की आपला?' डोळे वटारू नका, 'सगळे सारखेच' म्हणून विषय गुंडाळूही नका. सांगा, 'आपण हे मानतो, ते ते मानतात. त्यांचं काय, ते मित्राला विचार. आपलं काय, असं त्याने विचारलं तर नीट सांगता यायला हवं.' यातल्या शेवटच्या वाक्यासाठी आपल्यालाच अभ्यासाला बसावं लागेल. गणपती घरी का आणतो, हे आपल्यापैकी किती जणांना धड सांगता येतं?