येलोस्टोनला निघालीस ना, मग एवढं ऐक

अगं, आई-बाबांना जुलैत येलोस्टोन दाखवायचं ठरवलंस, फार छान केलंस. पण तुझा बेत वाचला आणि जरा धास्तावलेच. दीड दिवसात सगळं उरकून पुढं निघायचं? नको गं. उद्यान जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे. आतला मुख्य रस्ताच सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, आणि बायसनचा कळप आडवा आला की गाड्या जागच्या जागी थांबतात. तीन पूर्ण दिवस हाताशी ठेव. मुक्कामाचं आजच बघ, कारण उद्यानातल्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. नाहीच मिळाली तर पश्चिमेला वेस्ट येलोस्टोन आणि उत्तरेला गार्डिनर ही गावं अगदी वेशीवर आहेत.

मला मुख्य सांगायचंय ते आईबद्दल. गरम पाण्याचं कुंड दिसलं की तिचा हात आधी पाण्यात जाणार. वज्रेश्वरीला, राजापूरच्या उन्हाळ्याला आपण तेच करत आलो. अंघोळ करायची, तीर्थ डोळ्यांना लावायचं, एखादं नाणं टाकायचं. येलोस्टोनच्या कुंडांपाशी यातलं काहीही करायचं नाही, हे तिला घरीच प्रेमानं समजावून सांग.

नुसतं ‘नियम आहे’ म्हणू नकोस, कारण सांग. पावसाचं आणि बर्फाचं पाणी तिथं जमिनीत खोल मुरतं, ज्वालामुखीच्या धगीनं तापलेल्या खडकातून फिरतं आणि फट मिळेल तिथून वर येतं. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं आणि अनेक कुंडांचं पाणी त्याच्या आसपास असतं. काठाची जमीन दुधावरच्या सायीसारखी, वरून धरलेली आणि खाली चटका. आजवर वीसहून जास्त माणसं या पाण्यात पडून किंवा उतरून भाजली आणि दगावली. म्हणून लाकडी फळ्यांच्या वाटेवरून एक पाऊलही खाली ठेवायचं नाही. टोपी उडून गेली तर जाऊ दे.

नाण्याची गोष्ट तिला मॉर्निंग ग्लोरी कुंडापाशी उभं करून सांग. ते पूर्वी गडद निळं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी आणि कचरा टाकला, तळाची वाट अडत गेली आणि पाणी निवलं. मग कडेला राहणारे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. आज तिथं जो रंग दिसतो, त्यात माणसाचा हात आहे. आईला हे एकदा कळलं की तीच दुसऱ्यांना अडवेल बघ.

बाबांसाठी ग्रँड प्रिझमॅटिक राखून ठेव. सुमारे ११० मीटर रुंदीचं कुंड, मधोमध निळं, कडेला पिवळं, नारिंगी, तांबूस. मधलं पाणी इतकं तापलेलं की तिथं फारसं काही जगत नाही. कडेला जसजसं ते निवतं, तसतसे वेगवेगळे सूक्ष्मजीव वस्ती करतात आणि त्यांचेच हे रंग. गार सकाळी नुसती वाफ दिसते, म्हणून ऊन वर आल्यावर जा. फेअरी फॉल्सच्या वाटेवरून थोडं चढलं की ते वरून अख्खं दिसतं. बाबांना हेही सांग की १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला इथल्याच एका झऱ्यात उष्णता सोसणारा जीवाणू सापडला. त्याच्यातल्या विकरामुळं पुढं पीसीआर चाचणी सोपी झाली. करोनात आपण घरोघर ज्या अहवालाची वाट बघत बसायचो, त्याची एक मुळी या पाण्यात आहे.

ओल्ड फेथफुलचा फवारा साधारण दीड तासानं उडतो. पुढची अंदाजे वेळ तिथल्या माहिती केंद्रात लावलेली असते, ती बघून मगच बाकावर बसा. उडून झाला की गर्दीबरोबर गाडीकडं पळू नकोस. तिथूनच पुढं मॉर्निंग ग्लोरीपर्यंत वाट जाते आणि वाटेत कितीतरी फवारे, कुंडं लागतात.

एक पहाट मात्र लामार खोऱ्याला दे. अंधारातच निघा. लांडगे इथून १९२६ पर्यंत मारून संपवले होते. १९९५ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले, त्यांचा वंश आज त्या खोऱ्यात फिरतो. लांडगे बघायला येणारी हौशी मंडळी रस्त्याकडेला मोठ्या दुर्बिणी लावून उभी असतात. अदबीनं विचारलंस तर बरेचदा बघू देतात. अस्वल, लांडगा आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून ९१ मीटर, बाकी जनावरांपासून २३ मीटर अंतर ठेवायचंच. बायसन मवाळ दिसतो, पण तो माणसाच्या तिप्पट वेगानं धावतो आणि इथं सगळ्यात जास्त माणसं त्यानंच जखमी केलीत. जुलैच्या मध्यापासून त्यांचा माजाचा काळ, नर बिथरलेले असतात. फोटोसाठी बाबांना पुढं सरकू देऊ नकोस.

आणि खाणं. दशम्या, चिवडा भरपूर ने, पण उघड्यावर ठेवून इकडंतिकडं जाऊ नका, जनावराला तर कणभरही घालू नका. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल माणसांच्या मागं लागतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. आपली माया अशी त्याच्या जिवावर उठते.

बहुतेक उद्यान सव्वादोन हजार मीटरच्या वर आहे. पहिल्या दिवशी त्यांना दमवू नकोस, जुलै असला तरी स्वेटर घे. आत फोनला रेंज फारशी मिळत नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेव. आईला एवढंच सांग की इथला नमस्कार लांबूनच करायचा. ती ऐकेल गं. तू आधी ती खोली बघ.