घरच्या कॅमेऱ्याचा पत्ता आणि त्याचे दार



आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज आजी-आजोबाच राहतात. मुले-सुना नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. त्यांना घर दिसत राहावे म्हणून दारावर, बैठकीत कॅमेरे लागतात. कॅमेरा बसवणारा काम आटोपून निघून जातो, पण आतली नेटवर्कची मांडणी घरात कोणालाच ठाऊक नसते. संगणकाच्या तासाला आपण आयपी पत्ता शिकतो. तोच धडा आज घराच्या उपयोगासाठी पाहू.

१. पत्ता
घरातला राउटर म्हणजे पोस्टमन. मोबाईल, संगणक, कॅमेरा, प्रत्येकाला तो एक पत्ता देतो. समजा, राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे. म्हणजे पहिले तीन आकडे हा मोहल्ला, तो सर्वांचा एकच. शेवटचा आकडा हा घर क्रमांक, १ ते २५४ पैकी कोणताही. कॅमेऱ्याला ५० दिला तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.५० होईल. गेटवेच्या रकान्यात राउटरचा पत्ता लिहावा. डीएनएसच्या रकान्यातही बहुधा तोच चालतो.

राउटर आपण होऊन पत्ते वाटतो, त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. केवळ मोबाईल ॲपवर पाहायचे असेल तर ती पुरते. परंतु रेकॉर्डर किंवा संगणक जोडला असेल आणि वीज जाऊन आल्यावर कॅमेऱ्याचा पत्ता बदलला, तर चित्र दिसेनासे होते. म्हणून राउटरमध्ये कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. ती सोय नसल्यास डीएचसीपी वाटते त्या आकड्यांबाहेरचा पत्ता कॅमेऱ्यात कायम करावा. एकच पत्ता दोन उपकरणांना दिला, तर दोन्ही अडखळतात.

२. वाय-फाय आणि वेळ
घरगुती कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; ही लहर ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून अधिक पोहोचते. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावी. वेळेच्या रकान्यात भारतीय वेळ (+५:३०) निवडून एनटीपी चालू करावे. चोरी झाली आणि चित्रावर वेळच चुकीची असली, तर पोलिसांना त्या चित्राचा उपयोग कमी होतो.

३. दार
आता सर्वांत महत्त्वाचे. पत्ता चुकला तर कॅमेरा दिसत नाही, एवढेच. दार उघडे राहिले तर आपले घर परक्याला दिसते.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेली साठाहून अधिक नावे-पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांकडून डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडल्या. उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. म्हणून:

• कॅमेरा सुरू करताच पहिल्यांदा मूळ पासवर्ड बदलावा. ‘१२३४५६’ किंवा मोबाईल क्रमांक नको.
• पोर्ट म्हणजे पत्त्यावरचे दार: वेबसाठी ८०, व्हिडिओसाठी बहुधा ५५४. राउटरमधून ही दारे बाहेर उघडू नयेत, म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग करू नये.
• यूपीएनपी बंद ठेवावे. ते चालू असल्यास उपकरण स्वतःच दार उघडून घेऊ शकते.
• फर्मवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे.
• राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय असल्यास कॅमेरा त्यावर ठेवावा, म्हणजे घरच्या संगणकापासून तो अलग राहतो. रेकॉर्डर जोडला असेल तर मात्र दोघांना एकाच जाळ्यात ठेवावे लागते.

मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांना जवळ बसवूनच करावे. नवा पासवर्ड घरच्या वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको आणि आजी-आजोबांच्या निजण्याच्या खोलीत तो त्यांच्या संमतीशिवाय नको. त्यांची काळजी घेताना त्यांचा मानही राखला गेला पाहिजे.

स्वाध्याय
१. आपल्या घरच्या राउटरचा पत्ता व सबनेट मास्क शोधून वहीत लिहा.
२. वरील उदाहरणात कॅमेऱ्याला १९२.१६८.२.५० हा पत्ता दिल्यास तो राउटरला का सापडणार नाही?
३. घरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला, हे पालकांना विचारा. ‘कधीच नाही’ असे उत्तर आले, तर येत्या रविवारी दोघांनी मिळून तो बदला.