गलक्याला कामाला लाव

अकोला

चि. सोनूस,



तुझं पत्र पोचलं. मराठीच्या तासाला सातवीची पोरं ऐकत नाहीत, ओरडून घसा बसतो, असं लिहिलंस. घसा सांभाळ, तो निवृत्तीपर्यंत पुरवायचा आहे. आणि भाषेच्या तासाला वर्ग अगदी चिडीचूप असावा, हा हट्ट सोड. गणित मुकाट्यानं सुटतं. भाषा बोलल्याशिवाय येत नाही. पोरांना बोलायचंच आहे, तर त्यांना काय बोलायचं ते तू ठरवून दे.

आपल्या भागातलाच दाखला घे. गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण हजारोंचा समुदाय ते कीर्तनात धरून ठेवत. ते वऱ्हाडीत साधे प्रश्न विचारत, लोक एकमुखानं उत्तर देत. उत्तर द्यायचं आहे म्हटल्यावर माणूस ऐकतोच. तुझ्या वर्गालाही हेच लागू आहे.

आता रोजचं काम. पोरं आत येण्याआधी फळ्यावर लहानसं काम लिहून ठेव: एक अर्धवट वाक्य पुरं करा, चार शब्दांवरून गोष्ट जुळवा. हजेरी होईस्तोवर हात रिकामे राहायला नकोत. प्रश्न आधी विचार, थोडं थांब, मग नाव घे. नाव आधी घेतलंस की बाकीचे सुटले. बाकावरच्या दोघांना दोन मिनिटं आपसात बोलू दे. थांबवायला ठरावीक ठेक्याची टाळी ठेव, पोरांनी तीच टाळी परत द्यायची. मागं कोणी चाळे करत असेल तर धडा वाचता वाचताच त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहा. वाचन थांबवून बोलणी सुरू केलीस, की सगळा वर्ग तमाशा पाहतो. खिचडी खाल्ल्यावरच्या तासाला व्याकरण काढू नकोस. तेव्हा नाट्यवाचन घे, पात्रं वाटून दे.

एखादा म्हणेल, "मॅडम, मले येते." त्याला हसू नकोस, कोणाला हसूही देऊ नकोस. आधी उत्तर घे, मग तेच पुस्तकी मराठीत सहज बोलून दाखव. घरची बोली वर्गात चालत नाही असं वाटलं, की पोरगं एक तर गप्प होतं, नाही तर दंगा करतं. विठ्ठल वाघांच्या वऱ्हाडी कविता महाराष्ट्रानं डोक्यावर घेतल्या, हेही त्यांना सांग. कापूस वेचणीत खाडे झालेलं पोर परत आलं, तर सगळ्यांदेखत जाब विचारू नकोस. त्याला जोडीदार दे, बुडालेला धडा त्याच्याकडून ऐकू दे.

छडीचं नाव काढू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारही बंद केला आणि मानसिक छळही. "शंभर वेळा लिहून आण" ही शिक्षाही देऊ नकोस. भाषेच्या बाईनंच लिहिणं शिक्षा करून टाकलं, तर पोर निबंध आवडीनं कशाला लिहील?

सगळं एकदम धरू नकोस. या आठवड्यात फळ्यावरचं काम आणि टाळी, एवढंच कर. पोरांना सवय लागली की पुढचं घे, आणि कसं जमलं ते कळव.

तुझा,
मामा