दगडातले दात
(इयत्ता सातवी)

मागच्या रविवारी आमच्या बाबांनी पुण्याच्या मासळी बाजारातून रोहू आणला. मी त्याचे तोंड उघडून पाहिले, तर जबड्यात एकही दात नाही! आई म्हणाली, "अरे, त्याचे दात घशात असतात." मासा कापल्यावर तिने मला ते दाखवले.

सोमवारी ही गंमत मी वर्गात सांगितली. गुरुजी म्हणाले, "दातावरून माशाचे खाणे कळते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या माशाचेसुद्धा!" मला काही पटेना. आपल्या वेताळ टेकडीचा काळा दगड तर लाव्ह्याचा. आगीत मासा कुठून येणार?

गुरुजींनी समजावले, की लाव्हा एकदम आला नाही. एक थर वाहून थंड होई, मग पुष्कळ वर्षे शांतता. खोलगट जागी पाणी साचून तळी होत. त्यांत मासे, बेडूक, गोगलगायी राहत. पुन्हा लाव्हा आला की तळे गाडले जाई. अशा तळ्यांचा गाळ आपल्याकडे नाही, नागपूर-चंद्रपूरकडे सापडतो. स्टीफन हिस्लॉप व हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूरच्या टाकळी भागातले शंख, बिया, फळे गोळा केली आणि १८५५ साली त्यांवर लेख लिहिला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांचे वर्णन वुडवर्ड या शास्त्रज्ञाने १९०८ साली केले.

हाडे लवकर कुजतात, फुटतात. दातावर मात्र कठीण कवच असते, म्हणून तो टिकतो. गाळाची माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून चाळतात आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. काही दात तिळाएवढेच असतात.

डोंगरगावला वेगवेगळ्या तऱ्हेचे मासे मिळाले. लेपिसोस्टियसचे दात टोकदार, म्हणजे तो दुसरे मासे पकडून खाई. त्याचे भाऊबंद आजही उत्तर अमेरिकेच्या नद्या-तळ्यांत आहेत. पिक्नोडसचे दात मात्र बटणासारखे गोल, कठीण शंख-शिंपले फोडायला.

गुरुजी म्हणाले, "पिक्नोडसचे बरेचसे भाऊबंद समुद्रात राहत." मी लगेच ओरडलो, "म्हणजे तिथं समुद्र होता!" सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "घाई नको. एका दातावर निकाल देऊ नये. त्या भागातल्या अशा थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंखही सापडतात. सगळे साक्षीदार विचारावेत." समुद्र त्या काळी किती जवळ होता, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

मला तेव्हा समजले, की शेजारची माती फेकून नुसता दात खिशात घातला तर अर्धी साक्ष गेली. म्हणून पालकांना विनंती, की विदर्भात आपले कोणी पाहुणे असतील आणि विहीर खणताना त्यांना दगडात शंख किंवा दात दिसला, तर त्यांना सांगा: जागा लिहून ठेवा, आजूबाजूची माती हलवू नका आणि शाळेत कळवा.

मित्रांनो, आता घरी मासा आणला की आधी त्याचे दात बघा हं!