चॉकीतील अळी मलूल दिसते तेव्हा

तुतीवरील रेशीम किडीचे बाल्य अत्यंत अल्प असते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून दुसरी कात टाकीपर्यंतचा सुमारे सात-आठ दिवसांचा जो काळ, त्यास चॉकी अवस्था असे म्हणतात. जन्मवेळी जेमतेम अर्धा मिलिग्रॅम भरणारी ही अळी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या दहा हजारपट वजनाची होते. एवढी वाढ ज्या देहात व्हावयाची, त्याची सुरुवातीची हेळसांड पुढे भरून निघत नाही.

अळ्या पाल्याला तोंड लावीत नाहीत, निश्चल पडून आहेत, अशी तक्रार नवीन संगोपक वारंवार करतात. अशा वेळी प्रथम दिवस मोजावेत. जन्मापासून तिसरा-चौथा दिवस असेल, तर तो बहुधा रोग नसून कात टाकण्याची पूर्वतयारी असते. अळीची कातडी शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून कोषावर जाण्यापूर्वी चार वेळा ती बदलावी लागते. काती येण्याच्या सुमारास अंग तुकतुकीत व किंचित पिवळसर होते, अंगाच्या मानाने डोके लहान दिसते आणि डोक्यामागे नव्या डोक्याची गडद त्रिकोणी छाया उमटते. मग अळी पाय रोवून, पुढचा भाग उचलून, ध्यानस्थ बसल्याप्रमाणे स्थिर राहते. या स्थितीत तिला डिवचणे किंवा उचलून दुसरीकडे ठेवणे म्हणजे तिला इजा करणेच होय. पहिल्या दोन काती साधारणपणे एकेका दिवसात उरकतात.

या काळात पाला घालू नये. बहुतेक अळ्या स्थिर झाल्या की ट्रेवरील पॅराफीन कागद व कडेच्या ओल्या फोमच्या पट्ट्या काढून घ्याव्यात, विरलेल्या चुन्याची भुकटी पातळ थराने भुरभुरावी आणि वारा खेळता ठेवावा. एरवी चॉकीस २७ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता व ८५ ते ९० टक्के आर्द्रता मानवते. परंतु काती टाकताना ओलसर बिछाना घातक ठरतो, कारण जुनी कातडी नीट सुटत नाही. शंभरातील नव्वदांहून अधिक अळ्या कात टाकून बाहेर आल्यावरच पहिला पाला द्यावा. लवकर उठलेल्या अळ्यांची दया येऊन काही जण आधीच पाला देतात. परिणामी त्याच ट्रेमध्ये दोन वयांच्या अळ्या तयार होतात व पुढील सर्व व्यवस्था विस्कटते.

काती व रोग यांतील भेद ओळखण्याची एक साधी खूण आहे. काती सर्व अळ्यांस जवळजवळ एकाच वेळी येते. रोग आरंभी तुरळक, इकडे दोन तर तिकडे चार, असा दिसतो. बाकीच्या खात असताना काही अळ्या ट्रेच्या कडेने अस्वस्थपणे फिरू लागल्या, त्यांच्या अंगाच्या वळ्या फुगल्या आणि कातडी फाटताच दुधासारखा द्रव बाहेर आला, तर तो ग्रासेरी हा विषाणुजन्य रोग समजावा. अळी मऊ पडून काळवंडली व दुर्गंधी सुटली, तर फ्लॅचरी. मेलेली अळी कडक होऊन खडूसारखी पांढरी पडली, तर मस्कार्डीन. हा शेवटचा रोग थंड व दमट हवेत बळावतो. तो एका सजीव बुरशीमुळे होतो हे इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली दाखवून दिले व त्या बुरशीच्या नावात त्यांचे नाव आजही आहे. हीच ब्यूव्हेरिया बुरशी जैविक कीडनाशक म्हणून बाजारात विकली जाते. शेजारच्या पिकावर ती फवारली जात असेल, तर तुतीबागेच्या मालकाने वेळीच बोलून ठेवलेले बरे.

एकाच ट्रेमध्ये लहानमोठ्या अळ्यांची मोठी तफावत दिसल्यास प्रथम आपल्या पाला देण्याच्या पद्धतीकडे पाहावे. तेथे दोष नसेल, तर पेब्रीनची शंका घ्यावी. हा रोग आईच्या अंड्यातूनच येतो. १८६५ पासून फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी यावर काही वर्षे संशोधन केले व मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून तिची अंडी ठेवावीत की नष्ट करावीत, हे ठरविण्याची रीत घालून दिली. रोगमुक्त अंडीपुंजांचा पाया हाच. म्हणून स्वस्त मिळतात म्हणून तपासणी न झालेली अंडी घेऊ नयेत. शंका येताच अळ्यांचे नमुने जिल्हा रेशीम कार्यालयाकडे न्यावेत.

अळ्या एकाएकी हिरवट ओकाऱ्या काढीत, मान फिरवीत, तडफडत असतील, तर रोग शोधीत बसू नये. तो पाल्यावर उडालेल्या कीटकनाशकाचा परिणाम असण्याचा संभव अधिक. तो पाला त्वरित काढून दुसऱ्या जागचा ताजा पाला द्यावा. तंबाखूच्या शेतालगत तुती लावणे याच कारणास्तव धोक्याचे असते.

रोगट अळी औषधाने बरी होत नाही. ती चिमट्याने उचलून एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ब्लीचिंग पावडर व ३ ग्रॅम विरलेला चुना घालून केलेल्या द्रावणात टाकावी आणि नंतर खोल पुरावी किंवा जाळावी. पुष्कळ ठिकाणी अशा अळ्या कोंबड्यांपुढे टाकतात. ग्रासेरीचे विषाणू पक्ष्यांच्या विष्ठेतूनही जिवंत राहून पसरत असल्याने ही रीत सोडून द्यावी, आणि त्याच हातांनी पाला तोडण्यापूर्वी हात धुवावेत.