रोज एक चित्र, तर मिनिटाची फिल्म कशी?

प्रश्न : ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपावर एक छोटी फिल्म काढली. रोज एक चित्र याप्रमाणे महिनाभर ती घेतली आणि ती मिनिटभर चालायची, असं वाचलं. महिन्याची तीस चित्रं मिनिटभर पुरतील कशी?
– एक वाचक, बरकतपुरा, हैदराबाद

उत्तर : पुरणार नाहीत. तुमचा संशय रास्त आहे.

मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून सरकत. त्या वेगानं तीस चित्रं दोन सेकंदांत संपतात. मिनिटासाठी ९६० हवीत, म्हणजे महिनाभर रोज ३२. ती सगळी एकाच वेळी उरकता येतात. तेव्हाच्या कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की साधारण आठ चित्रं निघत, म्हणजे चार फेऱ्यांत दिवसाचं काम संपलं. पण मग पडद्यावर रोप दोन सेकंद ढिम्म उभं राहणार आणि टुणकन वाढणार. कोंब सलग वर सरकताना दिसायचा तर उजेडाच्या बारा तासांत दर वीस-बावीस मिनिटांनी एकेक चित्र घ्यायला हवं. तरीही रात्रीची वाढ सकाळी उडी मारून दिसणारच!

तेव्हा ‘रोज एक’ आणि ‘मिनिटभर’ या दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. फिल्म आज उपलब्ध नाही, त्यामुळे मोजून निकाल लावता येत नाही. माझा कौल ‘रोज एक’ला खोटं ठरवण्याकडे आहे. दोन सेकंदांच्या फिल्मवर कोणी कर्ज देत नाही, आणि ही फिल्म काढली होती कर्ज मिळावं म्हणूनच.

१९११ साली ईस्टरच्या सुमारास गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून फाळक्यांना चित्रपट काढण्याचं वेड लागलं. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२मध्ये ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांच्या ओळखीनं त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहता आला. ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा त्यांनी घेतला आणि १ एप्रिलला परतले. यंत्रं मागाहून आली. म्हणजे वाटाण्याचा खटाटोप उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्यात झाला असणार. थंडीतलं हे पीक मुंबईच्या त्या हवेत महिनाभर तगलं, हेही नवलच.

कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं नसलेली यायची. ती भोकं अंधारात यंत्रानं पाडावी लागत, आणि हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. वाटाण्याच्या गोष्टीत त्यांचं नाव क्वचितच येतं. ते आधी यायला हवं.

एवढ्या खटपटीनंतर वाटाण्याची ही फिल्म, ‘अंकुराची वाढ’, निवडक मंडळींना दाखवली गेली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी ती पाहून कर्ज देऊ केलं. नट नाही, सेट नाही, वेशभूषा नाही. कुंडी, कॅमेरा आणि चिकाटी. पैसेवाल्याला पटकथा वाचून दाखवण्यापेक्षा हे स्वस्त आणि परिणामकारक होतं.

थांबून थांबून एकेक चित्र घेण्याची युक्ती मात्र फाळक्यांची स्वतःची नव्हे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची फुलं उमलण्याची फिल्म १९१०मध्येच आली होती. फाळक्यांनी पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये याच तत्त्वावर काड्यांना नाचवलं : काडी थोडी हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपटही त्यांचाच. शिवाय चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी फिल्मही त्यांनी काढली. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते, कारण बहुतेक दिग्दर्शक ही विद्या झाकून ठेवतात.

जाता जाता, तुमच्याच शहरात वाढलेल्या श्याम बेनेगल यांनी बाराव्या वर्षी वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्यावर पहिली फिल्म काढली होती आणि १९७४च्या त्यांच्या पहिल्या कथापटाचं नाव ‘अंकुर’. हा निव्वळ योगायोग; त्यातून सिद्धांत काढू नका.

नोव्हेंबरात गॅलरीतल्या कुंडीत वाटाणा पेरून पाहा. मोबाइल घट्ट बसवा, उजेडाची सेटिंग बदलू देऊ नका आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो घ्या. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला तर कळवा. तग धरलात तर फिल्मच पाठवा.