मालाचा वर्ग आणि वाहतुकीचे भाडे

पीक चांगले आले, बाजारात भावही बरा मिळाला, तरी आडत्याची पट्टी हाती पडल्यावर शेतकऱ्याची निराशा होते, असा अनुभव अनेकदा येतो. हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता उरलेली रक्कम अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी असते. यांपैकी भाड्याची रक्कम बव्हंशी माल गावातून निघण्यापूर्वीच ठरलेली असते. म्हणून ती कशी ठरते, हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेऊन शेतकऱ्यांस समजावून द्यावयास हवे.

वर्गीकरण कशासाठी?

एक टन गहू आणि एक टन सुटा कापूस यांचे वजन सारखेच; परंतु कापूस कितीतरी अधिक जागा अडवितो. त्याच कापसाची १७० किलोची दाबलेली गाठ केली, तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक माल मावतो. वाहतूक करणारा केवळ वजन वाहून नेत नाही. तो जागा देतो व जोखीमही पत्करतो. यास्तव मालाचा वर्ग ठरविताना वजनाच्या मानाने आकारमान, मालाची किंमत, नासण्याची किंवा फुटण्याची शक्यता आणि लोकांच्या जीवनातील त्या वस्तूची गरज या गोष्टी विचारात घेतल्या जातात.

रेल्वेचे वर्ग

रेल्वेच्या मालवाहतुकीत वर्ग १०० हा पाया मानला जातो. वर्ग १२० म्हणजे पायाभूत दराच्या सव्वापट नव्हे, तर एक पूर्णांक दोन दशांश पट दर. कमी दराच्या वस्तूंसाठी १०० च्या खालचेही वर्ग आहेत. उदाहरणादाखल असे समजू की, ठराविक अंतरासाठी वर्ग १०० चा दर टनास १,००० रुपये आहे. मग वर्ग १२० चा दर १,२०० रुपये होईल आणि ६० टन मालाच्या भाड्यात १२,००० रुपयांचा फरक पडेल. हा आकडा केवळ हिशेब समजण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्ष दर मालधक्क्यावर विचारून घ्यावा.

वर्गाबरोबर मालाचे प्रमाणही पाहिले जाते. पूर्ण गाडीचा दर आणि थोड्या वाघिणींचा दर निराळा असतो. शिवाय वाघीण अर्धी भरली, तरी ठरलेल्या किमान वजनाचे भाडे द्यावे लागते. म्हणून एकट्या शेतकऱ्यापेक्षा सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी यांना रेल्वे अधिक परवडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातून सुमारे १,६०० टन सरकारी साठ्यातील कांदा एकाच मालगाडीने दिल्लीस पोहोचविण्यात आला. थोडा माल असल्यास पार्सलचा मार्ग आहे; त्याचे दर वेगळे असतात. दि. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल सुरू झाली आणि त्या वर्षी फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत देण्यात आली. ती सवलत त्या योजनेपुरती होती. आज ती गृहीत धरून हिशेब करू नये.

जागेचे वजन

विमानाने फुले किंवा फळे पाठविताना खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास सामान्यतः ६,००० ने भागतात. येणारे वजन आणि काट्यावरील वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारतात. समजा, खोके १०० × ४० × ३० सेंटिमीटरचे असून फुलांसह त्याचे वजन १२ किलो आहे. जागेनुसार ते २० किलो ठरते. म्हणजे ८ किलो भाडे रिकाम्या जागेचे गेले. फुलांस इजा न होता उंची २५ सेंटिमीटर करता आली, तर हेच वजन सुमारे १६.७ किलो होते. खोके निवडणे हाही शेतीच्या हिशेबाचाच भाग होय.

खोटी नोंद महाग पडते

भाडे वाचावे म्हणून कोणी मालास स्वस्त वर्गातील नाव देण्याचा सल्ला देतो. तो ऐकू नये. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६६ प्रमाणे मालाचे वर्णन खोटे आढळल्यास सर्वांत चढ्या वर्गाच्या दुपटीपर्यंत दर लावता येतो. कलम १६३ प्रमाणे दर क्विंटलमागे ५०० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. हुंडेकऱ्याने भरलेल्या फॉरवर्डिंग नोटवर सही करण्यापूर्वी ती वाचावी. कारण त्यातील तपशिलाची जबाबदारी माल पाठविणाऱ्यावर असते.

जोखीम कोणाची?

काही मालास दोन दर असतात : रेल्वेच्या जोखमीचा आणि मालकाच्या जोखमीचा. पाठविणाऱ्याने कोणताच दर निवडला नाही, तर कलम ६३ प्रमाणे माल मालकाच्या जोखमीने दिला असे धरले जाते. मग नुकसान झाल्यास रेल्वेच्या नोकरांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर येतो. थोड्या बचतीसाठी सबंध हंगामाचा माल पणास लावावा काय, याचा विचार सहीपूर्वीच करावा. भरपाईची मागणी माल सोपविल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी कळविणे आवश्यक आहे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. माल बांधण्यापूर्वी त्याचा वर्ग, किमान वजन व बांधणीच्या अटी विचारून घ्याव्यात.
२. माल प्रतवार व एकसारख्या आकाराच्या खोक्यांत किंवा गोण्यांत भरावा; त्यामुळे मोजणी सोपी होते व जागा वाया जात नाही.
३. गावातच वजन करून नगसंख्या वहीत नोंदवावी आणि ती पावतीशी ताडून पाहावी.
४. जोखमीचा दर स्पष्टपणे लिहून द्यावा.
५. रेल्वे पावती किंवा ट्रकची बिल्टी जपून ठेवावी. तीच मालाच्या हक्काचा पुरावा होय.
६. रेल्वे व ट्रक यांची तुलना करताना शेतापासून बाजारापर्यंतचा संपूर्ण खर्च, चढउताराची हमाली व लागणारा वेळ धरावा.

पिकविलेल्या मालाचे मोल शेतात वाढते. परंतु ते वाटेत घटू न देणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सहीपूर्वी पावतीवरील चार ओळी नीट वाचण्याची सवय गावोगाव लागली, तर घामाच्या कमाईतील पुष्कळशी गळती थांबेल.